पाव टाकी

आमचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं बुटांचं दुकान,
कॅनडाच्या हद्दीपासून नऊ मैलांवर.
मागच्या भिंतीला अजून फळ्या आहेत, नंबर सहा ते बारा,
त्यांवर आता फायली.
नोव्हेंबरात, मी कुलूप काढायच्या आधीच
लोक बाहेर गाड्यांत बसलेले असतात,
इंजिन बंद ठेवून. पेट्रोल वाचतं.

ओडील थेरियो, वय चौतीस, मुलं तीन,
बटाट्याच्या गोदामात निवडायच्या पट्ट्यावर उभी.
कागद आणले ते ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत:
पगाराच्या चिठ्ठ्या, तेलाचं बिल,
आणि नवऱ्याचं एक पत्र, चार ओळींचं.
कुठे असतात ते, मी विचारलं. विचारावं लागतं.
"दक्षिणेला."
मी 'वेगळे राहतात'वर खूण केली.

फॉर्म सतरा पानी आहे.
माणसं किती, खोल्या किती, देणी किती, सगळं त्यात मावतं.
धाकटा रात्री लोकरी टोपी घालून झोपतो
हे लिहायला रकाना नाही.
मी ते समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

डिसेंबरात आमची माणसं तिच्या घरी गेली.
आर्मांडनं दाराच्या चौकटीत लाल कापड ताणलं,
त्यात मोठा पंखा बसवला, आणि घरातली हवा बाहेर उपसायला लागला.
मग घर जिथून जिथून फुटकं
तिथून तिथून थंडी आत शिरते.
आपण नुसता हात फिरवायचा.
स्विचच्या पाटीशी. जिन्याखाली. माळ्याच्या झाकणाच्या कडेनं.
ओडील असा हात फिरवत सगळं घर हिंडली
आणि म्हणाली,
"म्हणजे अकरा वर्षं मी रस्ता तापवत होते."

मार्चात तिला बढती देऊ केली. तासाला साठ सेंट जास्त.
मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला.
साठ सेंट घेतले की पाळणाघराची मदत तुटते:
महिन्याला शंभर येणार, चारशे दहा जाणार.
बटण चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं.
तेच.
"घेऊ का?"
मला सल्ला द्यायची मुभा नाही, फक्त माहिती द्यायची.
मी माहिती दिली.

तिनं बढती नाकारली. जागा दुसऱ्या कुणाला गेली.
धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा
ती स्वतःहून विचारायला गेली, दोनदा,
तिसऱ्यांदा मिळाली.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न आहे:
कुटुंब स्वतःच्या पायावर उभे आहे काय? होय / नाही.
लिहिणाऱ्यानं पायांचा विचार केला नसावा.
मी आठ वर्षांची असताना याच दुकानात
आई मला पाय मोजायच्या पितळी पट्टीवर उभं करायची,
नंबर विचारून घ्यायची,
"पुन्हा येऊ" म्हणून निघायची.
तो नंबर पुटपुटत आम्ही चर्चच्या तळघरात,
जुन्या बुटांच्या ढिगात.
कुणाच्या तरी बुटांत मी उभी राहिले,
शाळेत गेले, या खुर्चीपर्यंत चालत आले.
मग माझं काय लिहायचं?

ओडीलचा रकाना कोराच आहे. वरून दोनदा विचारणा झाली.

काल तिचा फोन. वाटलं, काही अडलं.
"काही नाही. तळघरात टाकी बघून आले.
फेब्रुवारी संपत आला,
आणि काटा अजून पाव टाकीच्या वर आहे."
मागे पोरं कशावरून तरी भांडत होती.
"बरं," मी म्हणाले.
"बरं," ती म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.