दिवसातून किती वेळा

फॉर्मवर व्यसनाचा एकच रकाना आहे,
बोटाच्या पेराएवढा.
आहे की नाही, एवढं विचारायचं आणि पुढे सरकायचं,
कारण अजून रक्तदाब, लोहाच्या गोळ्या,
शेवटच्या पाळीची तारीख,
आणि मानखुर्दच्या या वसाहतीत लिफ्ट बंद,
मला अजून दोन इमारतींचे सात-सात मजले.

पंचशीला म्हणाली, नाही.
म्हणाली तेव्हा तर्जनी काळी होती
दुसऱ्या पेरापर्यंत,
आणि गॅसवर तवा होता, भाकरीचा नव्हे.
चौथ्या मजल्यापासूनच मला ठसका लागला होता.
'मिश्री व्यसन कुठंय, ताई? मी तर दात घासते.'

किती वेळा घासतेस?

ती हसली. 'नावातच पाचवं शील आहे माझ्या,
आणि बघा.'
मग मोजायला बसली, भिंतीकडे बघत.
उठल्यावर. चहानंतर.
पाणी आलं की. पाणी नाही आलं की.
एकटीपुरतं शिजवायचा कंटाळा आला की, भूक मरते.
सासूचा गावाहून फोन येऊन गेला की.
हा टेम्पो घेऊन भिवंडीला निघाला की.
रात्री तीनला.

तीनला कोण दात घासतं गं?

मागच्या खेपेला आठव्यात गेलं.
दुपट्यांना तिनं साडीचे काठ लावले होते,
ते अजून पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत,
डांबराच्या गोळ्या घालून.
आता हे आतून लाथ मारतं
आणि मजल्यावरच्या बाया म्हणतात, हात लाव, हात लाव.
'लावते की हात.
शेजारच्यांचं दार कुणी वाजवतंय असं वाटतं, ताई.
आपलं नाही.'

ट्रेनिंगला शिकवलं तेवढं मी बोलले:
वजन कमी भरतं, बाळाला रक्त कमी पोचतं,
बाई दिवसाआधी बाळंत होते.
चित्रांचं कार्ड उघडून धरलं.
ती बघत राहिली, बघतच राहिली,
आणि मला उशिरा कळलं की मी भीती कुणाला घालतेय.
जिची अख्खी रात्र त्याच भीतीत जाते तिला,
आणि त्यावर तिच्याकडे औषध एकच,
बामच्या रिकाम्या डबीत, चिमूटभर.

कार्ड मिटलं.
मीही लावायची, दोन पोरं होईस्तोवर.
हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

मग जे छापलेलं नाही ते विचारलं.
रडायला येतं?
'येतं.'
दिवसातून किती वेळा?
तिनं बोटं उघडली. एका हाताची संपली,
दुसऱ्या हातावर गेली,
आणि मधेच थांबून म्हणाली,
'आत्ताचं धरू का?'

गुरुवारी सायनला नेली.
मानसोपचार अशी पाटी वाचून जिन्यातच बसली.
वेडी नाहीये मी, म्हणाली.
नाहीस. चल, मी पण येते आत,
हवं तर माझाही केसपेपर काढू.
आतल्या डॉक्टरबाईंनी आधी पंखा वाढवला,
मग विचारलं, झोप कशी आहे?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू उत्तर माझ्या पिशवीत होतं.

एवढ्यानं सगळं नीट झालं असं काही नाही.
आठाचे सहा झाले, मग परत सात,
महिनाअखेरीला चार.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती रेघा मारते,
दोन रंगांत, एक डबीच्या, एक डोळ्यांच्या.
निळ्या कुठल्या नि लाल कुठल्या, मी कायम विसरते.
तवा तिनं टाकला नाही. घासला.
त्यावर पापड भाजून मला दिला,
कडू लागला, मी खाल्ला.

परवा रात्री तीनला फोन वाजला.
मला वाटलं कळा.
'काही नाही, ताई. डबी हातात आहे.
तुम्ही बोला काहीतरी.'
मी अंधारात उठून बसले.
काही म्हणजे काही सुचेना.
शेवटी विचारलं, पाणी किती वाजता येतं गं तुमच्याकडे हल्ली?
ती सांगायला लागली.