कॉलम

रात्री पावणेतीनला सिलिका जेलमधून
एक पिवळा पट्टा खाली सरकतो आहे,
मिनिटाला नखभर.
घाई केली तर पसरतो.
एवढं तरी दोन सेमिस्टरांत कळलं.

बाहेर ताळगावच्या पठारावर जांभा गार पडत चाललेला,
झुवारीत एक बार्ज दिवा लावून उभीच.
अवेलिना स्टुलावर बसल्या बसल्या झोपली,
गॉगल कपाळावर, मांडीवर क्वांटमच्या नोट्स.
नऊला तिचा पेपर. माझाही.

आई रविवारी केरीहून फोन करते,
तिथं दिवसभर करतोस तरी काय?
वेगळं करतो, मी म्हणतो, एकात मिसळलेलं दुसरं.
मग घरी ये, म्हणते, तांदूळ निवडायचे राहिलेत.

सव्वीस टेस्टट्यूब. सव्विसांतही ठिपके दोन.
सरांना एकच हवा.
ते ओरडत नाहीत. प्लेट यूव्हीखाली धरतात
आणि परत देतात,
कंडक्टरनं फाटकी नोट परत द्यावी तशी.

पाचला पोदेराचा भोंपू, हॉस्टेलच्या फाटकाशी.
शाबी वेळीप कुलूप उघडायला येतो
तर दार उघडंच.
काही विचारत नाही.
कागदातून दोन उंडे काढतो,
एक माझ्यापुढे, एक तिच्या नोट्सवर.
‘इथे खाण्यास सक्त मनाई’
ही पाटी त्यानंच ठोकलेली.

हातमोजे उतरवतो. बोटांना ॲसिटोनचा वास.
धुतो, तरी राहतो.
उंडा मोडतो, आत अजून वाफ,

आणि सत्ताविसावी ट्यूब
थेंब थेंब
भरायला लागलेली.