श्वास धरायचा नाही

डॉक्टर बऱ्हाटेंनी फॉर्म उलटसुलट पाहिला,
कानात बॅटरी मारली,
म्हणाले, जिवराम, वय बावन्न, पडदे ठीक,
पण सावद्याहून समुद्रात बुडायला निघालेला
माझा पहिलाच पेशंट.
मी म्हटलं, बुडायला नाही. बघायला.

मार्च लागला की मोटारी जळतात,
मग सगळ्यांना माझा नंबर आठवतो,
म्हणून फेब्रुवारी.
ज्योत्स्नानं बिलबुकाच्या मागच्या पानावर मांडलं:
भुसावळ ते चेन्नई रेल्वे, पुढं विमान, पुढं बोट,
बुडीचा दर माणशी,
आणि खाली दोनदा रेघ मारून,
शेवटच्या बुडीनंतर एक दिवस विमानात बसायचं नाही.
मग त्या दिवशी काय करायचं?
काठावर बसायचं, मी म्हटलं.
तिनं तो दिवसही खर्चात धरला.

खोली मला फुटांत कळते.
वडिलांच्या वेळी साठावर पाणी,
माझ्या लग्नात दोनशेवर,
परवा चिनावलच्या मळ्यात साडेसातशेवरून मोटार ओढली,
पाइपाला नुसता ओला वास.
तिथं चाळीसच फूट, म्हणे.
चाळीस फुटांवर पोवळी,
आणि पाणी असं, की हातातलं घड्याळ वाचावं.

पोहायला शिकलो केळीच्या खांबावर.
तो काही केल्या बुडू द्यायचा नाही.
आता कमरेला शिसं बांधणार,
तेही भाड्याचं.

तेराव्या वर्षापासून
विहिरीत काही पडलं की मला हाक यायची.
कळशी. पान्हा. एका नवरीची नथ.
डोळे मिटून जायचो, हातांनी बघायचो,
छातीत शंभर आकडे कोंडून.
एकदा हाताला केस लागले.
त्या दिवशी पैशांचं कोणी काढलं नाही.
मीही नाही.

रविवारी गुणवंत झोपेच्या शेततळ्यात सराव.
तोंडात नळी, नाकावर काच,
तळाला काळं प्लास्टिक, एक बेडूक,
आणि माझेच पाय, पांढरे, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.
पण डोळे उघडे होते.

फोनवरचा पोरगा हिंदीत समजावतो,
सगळं जमेल काका,
पहिला नियम एकच, श्वास धरायचा नाही.
घेत राहायचा, सोडत राहायचा.
मी गप्प.
एकोणचाळीस वर्षं मला तेवढंच येत होतं.

दुसरा नियम, कशाला हात लावायचा नाही.
वर काही आणायचं नाही.
शिंपलासुद्धा.

गुणवंतची आई बांधावर मेथी निवडत बसली होती.
अठी पानी पुरेना, अन् हा तठी चालला.
मंग खाली जाऊन आनशीन काय रे?

मी केबल गुंडाळत होतो.
काहीच नाही, मावशी.

तिचा हात थांबला.
माझ्याकडं बघत राहिली,
विहिरीच्या काठावरून लोक बघायचे तशी.
मग म्हणाली, जाय.
जाऊन ये.