तीनदा धुतल्यावर

शहाण्णव खळगे, नखाएवढा एकेक.
काल संध्याकाळी त्यांना कोलॅजेनचा हात दिला,
गोळीबार चौकात ताण्याला खळ देतात तसा.
बाहेर सेहेचाळीस. इन्क्युबेटरात सदतीस.
मे महिन्यात नागपुरात
पेशींनाच काय तो गारवा.

या पेशी यकृताच्या. कुणाच्या, ते नाव नाही;
बाटलीवर नुसते आकडे.
ज्याचं यकृत, तो जाऊन
माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली,
आणि या अजून दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट.

पिपेटमधून सोडल्या की आधी गोल, तरंगत्या,
पाहुणे दारातच चपला शोधतात तशा.
मग कडेनं चाचपू लागतात.
इंटिग्रिन म्हणजे दाराची कडी,
अर्धी आत, अर्धी बाहेर;
बाहेर काही गवसलं
की आतलं अख्खं घर हलतं.
कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन:
जे मिळेल त्यावर पसरतात.

तासाभरानं धुवायचं. तीनदा. हलक्या हातानं.
सुटलं ते सिंकमध्ये,
उरलं त्याला जांभळा रंग, आणि मोजायचं.

"काय करून राहिली वं तू तिथं दिवसभर?"
दमडूकाका निखारे विचारायचे.
कोणतं कशाला चिकटते, ते पाहते काका.
"मंग त्यात काय पाहाचं?
धूळ घामाले, सूत खळीले,
अन् माणूस मागाले."
हसले. डोळे तोवर हळदीचे झाले होते.

दारू प्यायचे का, हे मेडिकलमध्ये सगळ्यांनी विचारलं:
इंटर्ननं, वॉर्डबॉयनं, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं.
चहा फक्त. तोही बशीत.
कधीतरी कुठल्यातरी शिबिरातली एखादी सुई,
एवढंच सापडलं.
यकृत वर्षानुवर्षं स्वतःला रफू करत राहिलं,
काकांसारखंच, कुणाला न सांगता.
त्या रफूवरच हे
बिऱ्हाड थाटून बसले.

काका गेले त्याला सव्वा महिना.
माग भंगारवाला घेऊन गेला; हत्थ्याचा दांडा
काकूंनी मागून ठेवला,
तळवा बसायचा तिथे काळा, गुळगुळीत.

शेवटच्या ओळीत नुसतं अल्ब्युमिन.
तिथे काही चिकटायला नको.
तीनदा धुतलं. मग, नियम मोडून, चौथ्यांदा.
मायक्रोस्कोपखाली तरी पाच जांभळे ठिपके.
मॅडम म्हणतील, चूक झाली, पुन्हा कर.
पुन्हा करेन.
वहीत आजच्या तारखेखाली लिहिते:
पाच.