भेगाडे

लाइट गेली की चक्की गप्प होते
आणि माझं तोंड सुरू होतं.
ज्वारीचे डबे रांगेत, माणसं डब्यांवर टेकलेली,
पट्टा अजून गरम.
मी उधारीची वही उलटी धरतो.
पुढून गावाची बाकी, मागून भेगाडे.

ऐका, म्हणतो. छान आहे म्हणू नका.
कुठं खोटं वाटतं, तेवढं सांगा.

भेगाडे राहतात मे महिन्यात,
काळ्या रानाला कमरेइतक्या भेगा पडतात, त्यांच्यात.
उंची वीतभर. कातडी वाळल्या बोंडाच्या टरफलासारखी.
डोळ्याला तीन पापण्या:
एक झोपेची, एक धुळीची,
तिसरी कशाची, ते माझं अजून ठरलं नाही.
मोजतात सातपर्यंत. सातानंतर सगळं 'लय'.
रात्री त्यांचं वजन निम्मं होतं,
म्हणून म्हातारे कमरेला खडा बांधून झोपतात.
भेगा मिटल्यावर ते कुठं जातात?
इथं दोन ओळी कोऱ्या सोडल्यात.

उकंडराव धोटे म्हणाले,
"वीतभर? मंग साप ठिवन काय त्याहिले?"
खरंच की. चार वर्षं लिहितोय,
सापाचा विचारच केला नव्हता.
समासात लिहिलं: साप.

प्रज्वलला तलवारी हव्या होत्या.
नाहीत म्हटल्यावर तो बाहेर जाऊन
बकरीच्या पाठीवर काडीनं काहीतरी लिहीत बसला.

मन्सूरभाई कल्हईवाले विचार करून बोलले,
"शिव्या कोणत्या देतात?
शिवी नसंल तर जमात खरी वाटत नाही, भाऊ."
आणि स्वतःच तीन सुचवल्या.
दोन घेतल्या.

मग दाराशी बसलेली पंचफुला तायडे:
"त्याहिच्यात मेलेलं कोन उचलते?"

मी पान उलटलं. उत्तर नव्हतं, नकाशा होता.
मधोमध मोठी भेग, मुखियाची.
तिच्या कडेनं बाकीच्या, पानाच्या शिरांसारख्या फुटलेल्या.
आणि पार टोकाला,
वारा वाहून जातो त्या अंगाला,
एक बारकी भेग, कशालाच न जोडलेली.

ती उठून आली. बोट ठेवलं.
"अन् हे कोनाचं घर?"

चुकून ओढली गेली रेघ, म्हणालो.

"चुकून नाई, बापू.
हाताले रस्ता ठाव हाय तुह्या."

उकंडराव पट्ट्याकडे बघायला लागले,
जणू तो कुठं तुटलाय.
मन्सूरभाईंनी डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.
मी हसलो बहुतेक. कोणी हसताना दिसलं नाही.

तेवढ्यात लाइट आली.
दगड फिरला, पीठ उडालं,
सगळ्यांच्या भुवया सारख्याच पांढऱ्या झाल्या
आणि बोलणं ऐकू येईना.
दुपारी आली तेव्हा पंचफुलाबाईचा डबा तिसरा होता.
दळायला घेतला, तेव्हा शेवटचा.
मधे तो कोणी सरकवला,
हे मी कोणाला विचारलं नाही.
जागेवर मीच तर होतो.

रात्री खोडरबर घेऊन बसलो.
रेघ गेली नाही, कागद गेला.
आता नकाशात त्या जागी भोक आहे,
त्यातून पुढच्या पानावरची कोणाची तरी उधारी दिसते,
अडीच पायल्या.

तर वाचणाऱ्यांनो, तुम्हीही सांगा.
सापांचं काय करू?
खडा बांधणं पटतं का?
कोऱ्या ओळींत काय यावं,
आणि ते भोक तसंच ठेवू की मागून कागद चिकटवू?
तिसऱ्या पापणीचं मला आता कळलंय,
पण मी सांगत नाही. आधी तुमचं ऐकतो.

गुरुवारी दोन ते पाच लाइट नसते.
डबा आणा.
नसला तरी या.
बसायला पोतं आहे, दाराशी नाही, आत.