वाढ

सभा सातला. ऑगस्टचा अंधार
पाचलाच खिडक्यांना येऊन टेकलेला.
पुन्ता अरेनासचा वारा दार वाजवत नाही,
घरच्यासारखा सरळ आत येतो;
म्हणून प्रत्येक पालक आधी दाराला खांदा देतो
आणि ते लागल्यावर मग हसतो.

बास्केटबॉलच्या रिंगखाली पांढरा पडदा.
पडद्यावर एकच शब्द:
वाढ.

मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून बघत होते,
कढईत सोपाईपिया सोडत.
भोपळा घातलेलं पीठ, तेल तापलेलं हवं,
नाहीतर बसतात तळाशी रुसून.

मला वाढ ठाऊक आहे ती पळीची.
दोनशे बारा ताटं. सोमवारी मसूर.
इग्नासियोला कांदा दिसता कामा नये.
सातवीतल्या मारुश्काला दुसऱ्यांदा हवं असतं,
ती मागत नाही,
नुसती रांगेच्या शेवटी पुन्हा येऊन उभी राहते
जणू पहिल्यांदाच आली.

संचालिका दानित्साबाई म्हणाल्या,
आठ वर्षांत चारशे ऐंशी.
लोकरीच्या गोदामावरच्या माडीत
एकोणीस मुलांनिशी त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली शाळा;
हे त्या दर सभेत सांगतात. आज नाही सांगितलं.
पडद्यावरचा लाल ठिपका मात्र
हातापेक्षा जास्त थरथरत होता.

मग सान्तियागोहून आलेला वास्तुकार,
पोरगेलासा, पातळ कोटातला.
तिसरा मजला, काचेची भिंत,
सामुद्रधुनीकडे तोंड केलेला संगीताचा वर्ग.
वर रंगवलेलं आभाळ इतकं निळं
की एक्कावन्न वर्षांत मी ते
सहा, फार तर सात वेळा पाहिलं असेल.
तरी सगळ्यांसारखी मीही म्हणाले, अहाहा.

टॅक्सीवाल्या रुबेन ओयार्सोने विचारलं, "फी?"
दोन मुलींचा बाप, एकच अक्षर.
उत्तर पंधरा मिनिटं चाललं.
त्यात आकडा नव्हता.

नकाशात मी माझं स्वयंपाकघर शोधलं.
जिन्याखाली एक चौकोन:
भोजनसेवा, बाहेरून.
पुढ्यात काय वाढून ठेवलंय
हे वाढणाऱ्यालाही कळत नाही कधी कधी.

तेवढ्यात दोन एलेओदोरो मान्सिया उठले,
नातवाच्या वतीने आलेले, टोपी हातात.
"दार कुठल्या दिशेला?"
"पश्चिमेला," पोरगा आनंदाने म्हणाला,
"रस्त्याकडे, मोकळं, स्वागत करणारं."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं,
मग सगळा हॉल.
म्हातारा हसला नाही.
"माझ्या काकाने गोठ्याला पश्चिमेचं दार केलं होतं, बाळा.
तीन दिवसांनी निरोप आला,
ते पोर्वेनीरला आहे."

पोर्वेनीर म्हणजे पाण्यापलीकडचं गाव.
आमच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ, भविष्य.
हे उलगडून सांगायची कोणालाच गरज नव्हती.
दानित्साबाईसुद्धा हसल्या, पहिल्यांदा,
डोळे पुसत.

मतदान झालं. हात वर गेले, बरेचसे.
माझ्या दोन्ही हातांत परात होती;
तसं मला कोणी विचारलंही नव्हतं.

बाहेर माणसं गाड्यांची दारं
दोन्ही हातांनी धरून उघडत होती,
वासरू आवरावं तशी.

वास्तुकार मागे राहिला, नकाशा पसरून, एकटा.
बोटं गारठलेली, डोळे पश्चिमेवर.
मी ताट पुढे केलं.
तीन खाल्ल्या त्याने, उभ्याउभ्याच.
"आणखी वाढू?"
मान हलवली त्याने, हो की नाही ते कळेना;
आणि विचार करता करता
जिथे दार काढलं होतं तिथे बोट टेकवलं.

तेलाचा डाग. गोल, नीट उमटलेला.
तो रबराने खोडू लागला,
मी म्हटलं, राहू द्या,
तेल जात नाही असं.