तीस तारखेची फाइल

आपेलूने मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस.
दिवस पुढे घातलास, तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा
एकाच बाकावर येऊन बसतील.
आणि तारीख घातलीच नाहीस, तर
रोज रात्री आजची फाइल कालच्या फाइलीवर निजेल,
सकाळी खाली कोणी नसेल.

आपियाच्या इस्पितळात, मागच्या खोलीत,
पंखा, पाल,
आणि आपेलूच्या कोकोच्या कपाचं
टेबलावर राहून गेलेलं वर्तुळ.
मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी
एक छोटी आज्ञा उठते, डेटाबेसाला विचारते:
काल कोण जन्मलं?
उत्तर येईल ते फाइलीत बांधते,
वर चिठ्ठी: जन्म, आडवी रेघ, कालची तारीख.
"काल" ती ओळखते कशी?
आजमधून एक वजा करते. बस्स.
मीही तशीच ओळखत आले.

परवा सिनालेई आली, शाळेच्या गणवेशात,
कपाळाला चिकटलेली बट, हातात आईचं पत्र.
ऑकलंडला नेटबॉल खेळायला जायचंय,
आणि पासपोर्टवाले म्हणतात, यादीत नाव नाही.
त्यांच्याकडे फक्त आमच्या फाइली जातात.
जन्म? एकोणतीस डिसेंबर, दोन हजार अकरा.
दुपारी, आई सांगते, भरतीच्या वेळी.

शोधलं. अठ्ठावीस होती.
एकोणतीस नव्हती.
तीस होती.

आता सांगायला हवं,
तीस डिसेंबर आमच्याकडे झालाच नाही.
त्या वर्षी देशाने तारखेची रेषा ओलांडली,
गुरुवारी रात्री प्रार्थना करून निजलो
ते शनिवारी उठलो.
माझी बहीण तुसिपा पागो पागोत,
विमानाने अर्ध्या तासावर, रेषेच्या पलीकडे.
तिने फोनवर विचारलं, तुमचा शुक्रवार गेला कुठे?
म्हटलं, तुझ्याकडेच राहिलाय, सांभाळून ठेव.

त्या रात्री आज्ञा वेळेवर उठली होती.
एकतीसमधून एक वजा केला.
तीस तारखेला कोण जन्मलं?
कोणी नाही.
तरी तिने फाइल केली, वर रकाने आखले:
नाव, आई, वजन, वेळ.
खाली काही नाही.
आणि नोंद ठेवली: काम यशस्वी. शून्य ओळी.
एकोणतीसबद्दल तिला तिसाव्या रात्री विचारायचं होतं.

आपेलूला मी दोष देत नाही.
एखादा दिवस गाळायचा असतो
हे त्याला कोण सांगणार होतं?

सिनालेई म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं मी होते कुठे?
डेटाबेसात होतीस, म्हटलं, पूर्ण वेळ.
तुझ्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

मग मी हाताने प्रश्न लिहिला,
"काल" खोडून तिथे तारीख घातली.
चार ओळी आल्या.
तिसरी ती: तीन किलो दोनशे, दोन वाजून दहा मिनिटं.
बाकीचे तिघं अजून कुठल्याच खिडकीशी गेले नसावेत.

फाइल जतन केली. नाव दिलं.
अठ्ठावीस आणि तीसच्या मध्ये
ती आपणहून जाऊन बसली,
कोणी सरकून जागा द्यावी तशी.

रिकामी तीस पुसायला घेतली.
बोट थांबलं.
तुसिपाला फोन लावला.
तिच्याकडे अजून काल होता.